ग्रान कनारियाच्या नॅचरिस्ट बीचवर जायचंय? सांगलीतनं निघण्यापासून सगळं सविस्तर

युरोप ट्रिपचं ठरलं की एक प्रश्न ग्रुपवर कधी येत नाही, तो पर्सनलवरच येतो. ते न्यूड किंवा नॅचरिस्ट बीच म्हणतात, जिथं लोक कपड्यांशिवाय असतात, तिथं आपल्यासारख्यांना जाता येतं का, तिथं नक्की काय असतं, आणि जायचं कसं. विचारणारे सगळे चांगल्या घरचे, नोकरीधंद्यातले, बरेचसे नवराबायको, आणि त्यांना नेटवर जे सापडतं ते एकतर वाह्यात असतं नाहीतर गोऱ्या लोकांनी गोऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. म्हणून आपल्या सांगली-साताऱ्याच्या माणसाच्या सोयीनं लिहितोय. एकच बेट घेतलंय, स्पेनचं ग्रान कनारिया, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथं सगळं सोपं पडतं, बीच मोठा, बससेवा चांगली, आणि आपण कोण कुठले याचं तिथं कुणाला काही पडलेलं नसतं.

आधी कायद्याचं बघा

भारतात हे चालत नाही, गोव्यात पण नाही, कुणी कितीही सांगू दे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागू शकतं, त्यामुळं इथं प्रयोग करायचाच नाही. स्पेनमध्ये मात्र १९८८ साली जुना सार्वजनिक असभ्यतेचा गुन्हा कायद्यातनं काढून टाकला, तेव्हापासून नुसतं उघडं असणं हा देशपातळीवर गुन्हा नाही. पण याचा अर्थ कुठंही कपडे काढा असा होत नाही, तिथल्या नगरपालिकांना स्वतःचे नियम करता येतात, बार्सिलोनानं २०११ मध्ये रस्त्यावर उघडं फिरायला बंदी घातली. म्हणजे बीचवरच्या ठरलेल्या भागात मोकळीक, आणि बीच सोडून रस्त्यावर, दुकानात, बसस्टॉपवर आलात की अंगात कपडे पाहिजेत, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

आणखी एक, कारण हा विषय आपल्याकडं लगेच घाणेरडा होतो. आपल्या सांगली-कोल्हापूर भागात दिगंबर मुनी रस्त्यानं विहार करत जातात आणि लोक गाडी थांबवून नमस्कार करतात, कुणाच्या मनात वावगं येत नाही. ती त्यागाची गोष्ट आहे, सुट्टीची नाही, दोन्ही एका पारड्यात घालायच्या नाहीत, पण उघडं शरीर म्हणजे आपोआप अश्लील असं नसतं हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. नॅचरिस्ट बीचवर लोक पुस्तक वाचतात, झोपतात, पोहतात, डबा खातात. त्यात साठी-सत्तरीतली जर्मन, स्वीडिश जोडपी भरपूर असतात, पोट सुटलेली, ऑपरेशनचे व्रण असलेली. जे काय बघायला मिळेल असं काही लोकांना वाटत असतं ते तिथं नसतं, आणि तेच बघायला जायचं असेल तर कृपा करून जाऊ नका.

घरात बोलून घ्या, तिकिटाच्या आधी

दोघं जाणार असाल तर हे बोलणं सांगलीत, आपल्या घरात, शांतपणे झालं पाहिजे. बीचवर पोचल्यावर "अगं काढ की, इथं कोण ओळखतंय" असं म्हणणं ही जबरदस्तीच आहे. एकाला जायचंय आणि दुसऱ्याला नाही, तर दुसऱ्यानं स्विमसूटमध्ये शेजारी बसलं तरी चालतं, मास्पालोमासला, म्हणजे बेटाच्या दक्षिणेच्या ज्या बीचवर आपण जाणार तिथं, तसे मिश्र लोक खूप असतात. बाईनं फक्त वरचं काढलं किंवा काहीच काढलं नाही तरी कुणी विचारत नाही. मला एका मित्रानं विचारलेलं, "दादा, बायको तयार आहे, मीच टरकलोय, काय करू?" त्याला म्हटलं, हाफ चड्डीवर बस, तुला वाटेल तेव्हा बघ, नाही वाटलं तर समुद्रात पोहून परत ये. यात पास-नापास काही नाही.

पाळीचे दिवस आले तर टॅम्पॉन किंवा कप वापरून बऱ्याच बायका येतात, नाहीतर खालचं ठेवायचं, सरळ गोष्ट आहे.

कधी जायचं, कागदपत्रं काय

आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची आणि नशिबानं तोच काळ तिथं उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्राचं पाणी साधारण २२-२३ अंशांवर असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच १८-१९ वर येतं आणि आपल्याला ते गार लागतं. बेटाच्या दक्षिणेला पाऊस अगदी कमी. अधनंमधनं सहाराकडनं धुळीचं वारं येतं, त्याला तिथं कालिमा म्हणतात, हवा पिवळट होते आणि उकडतं, दम्याचा त्रास असेल तर इनहेलर जवळ ठेवा. ख्रिसमसच्या आसपास हॉटेलं महाग. मे महिन्यात आणि परत नोव्हेंबरात मास्पालोमासला प्राइडचे, म्हणजे समलिंगी आणि इतर एलजीबीटी लोकांच्या उत्सवाचे, मोठे सोहळे असतात, आनंदाचं वातावरण असतं पण गर्दी प्रचंड, निवांतपणा हवा असेल तर त्या तारखा बघूनच बुकिंग करा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. कनारी बेटं आफ्रिकेजवळ असली तरी स्पेनचीच आहेत आणि शेंगेनमध्येच येतात. मोठ्या माणसाला फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज, प्रवास विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण सीझनला अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून दोन-तीन महिने आधी लागा. फॉर्मवर कारण पर्यटन, बस्स, कुठल्या बीचवर जाणार ते कुणी विचारत नाही. अपॉइंटमेंट मुंबईला असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी, सांगली, कराड, सातारा सगळीकडनं मिळते आणि सकाळी मुंबईत उतरवते.

गाडी चालवायची असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओतनं काढायचं, सांगली एमएच-१०, सातारा एमएच-११, कराड एमएच-५०, लायसन्स जिथलं आहे तिथं. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागते, म्हणजे व्हिसा हातात आल्यावरच हे काम होतं, त्या हिशोबानं दिवस मोकळे ठेवा.

भारतातनं थेट विमान नाही. माद्रिद, फ्रँकफर्ट, झुरिक असं कुठंतरी बदलून जायचं, माद्रिदहून पुढं अडीच-तीन तास. घड्याळ स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागं असतं, कनेक्शन बघताना हा तास विसरू नका. भारतापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार.

विमानतळावरनं दक्षिणेला

विमानतळ बेटाच्या पूर्व बाजूला, मास्पालोमास तिथनं साधारण तीस किलोमीटर दक्षिणेला. बसला तिथं बस म्हणत नाहीत, ग्वाग्वा म्हणतात, आणि बेटावरच्या गावागावांत जाणाऱ्या निळ्या ग्वाग्वा ग्लोबल कंपनीच्या. विमानतळावरनं ६६ नंबर थेट फारो दे मास्पालोमासला जाते, फारो म्हणजे दीपगृह, तेच शेवटचा स्टॉप. लास पाल्मास शहरात राहणार असाल तर ६० नंबर शहरात नेते आणि शहरातल्या सान तेल्मो स्टँडवरनं ३० नंबर फारोपर्यंत येते. शहराच्या आतल्या पिवळ्या बस वेगळ्या कंपनीच्या, त्या दक्षिणेला येत नाहीत.

स्टॉपवर नुसतं उभं राहिलं तर बस थांबेल असं नाही, आपल्या एसटीला विनंती थांब्यावर करतो तसा हात करायचा. पाच-दहा युरोच्या नोटा आणि सुटे जवळ ठेवा, पन्नासची नोट पुढं केली तर ड्रायव्हर नाही म्हणतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवायची, रविवारी फेऱ्या कमी असतात. चुकलीच तर पांढऱ्या टॅक्सी मीटरनं चालतात आणि दोघा-तिघांत काही फार जड जात नाहीत.

राहायला प्लाया देल इंग्लेस किंवा मेलोनेरास घ्या, दोन्हीकडनं बीच पायी. मास्पालोमासला नॅचरिस्ट बंगल्यांची छोटी संकुलं पण आहेत, जिथं पूलवर सुद्धा कपडे नसतात. काही ठिकाणी फक्त जोडप्यांना प्रवेश, काही ठिकाणी पूलपाशी कपडे घालून बसायलाच मनाई, बुकिंगच्या आधी नियम वाचा. पहिल्या वेळेला मी तरी साधं हॉटेलच सुचवीन, म्हणजे बीचवर मन लागलं नाही तर सगळी सुट्टी अडकत नाही.

बीचवर पोचायचं कसं

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथं घोटाळतात. मास्पालोमासचा बीच आणि प्लाया देल इंग्लेसचा बीच मिळून वाळूचा एकच लांबच लांब पट्टा आहे, एका टोकाला १८९० पासून चालू असलेलं उंच दीपगृह, दुसऱ्या टोकाला प्लाया देल इंग्लेसचा पायरस्ता, आणि मागं साधारण ४०० हेक्टर वाळूच्या टेकड्या. नॅचरिस्ट भाग या दोन टोकांच्या मध्ये आहे. म्हणजे कुठल्याही बाजूनं आलात तरी चालायला लागणारच, अर्धा-पाऊण तास धरा.

चालायचं पाण्याच्या कडेनं, ओल्या घट्ट वाळूवरनं. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दुपारी ती तळपाय भाजते, चप्पल पाहिजेच. दीपगृहाकडनं निघालात तर डाव्या हाताला एक तळं दिसेल, ला चार्का, ते पक्ष्यांसाठी राखीव आहे, त्यात उतरायचं नाही. पुढं किओस्क लागतात, नंबर टाकलेले, खायला-प्यायला तिथंच मिळतं, आणि लोक "तीनच्या पुढं", "चारच्या अलीकडं" असाच पत्ता सांगतात. पाट्या लावलेल्या असतात, त्यावर नुदिस्ता किंवा नातुरिस्ता लिहिलेलं असतं, जर्मन लोक एफकेके म्हणतात. पाटी दिसली नाही तरी माणसं बघून कळतं. तोपर्यंत अंगावर कपडे असू देत.

वाळूच्या टेकड्यांत शिरायचं नाही. फोटोत त्या लई सुंदर दिसतात, पण ते संरक्षित क्षेत्र आहे, खुंट ठोकून आखलेल्या वाटा सोडून गेलं तर दंड होतो. कारण खरं आहे, किनाऱ्यालगत बालांकोन नावाची झुडपं वाळू धरून ठेवतात, ती तुडवली गेली की टेकडी उभीच राहत नाही. इथली वाळू वाऱ्यानं सरकत सरकत समुद्रात जात होती, शेवटी २०१८ पासून मासदुनास नावाच्या प्रकल्पात एका टोकाची वाळू उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. एवढी मेहनत करून राखलेली जागा आहे ती. आणि टेकड्यांच्या आतल्या झुडपांत काही लोक वेगळ्या उद्देशानं फिरतात, त्याचा नॅचरिझमशी काही संबंध नाही. कुणी खुणावलं तर मान हलवून नाही म्हणायचं आणि पाण्याच्या बाजूला यायचं, संपला विषय.

पहिला तास

जागा निवडताना आधीच बसलेल्यांपासून चार-पाच मीटर अंतर सोडा. बीच रिकामा असताना कुणाच्या शेजारी जाऊन टॉवेल टाकणं तिथं फार वाईट समजतात. एकटी बाई असेल तर वयस्क जोडप्यांच्या, कुटुंबांच्या आसपास आणि लाइफगार्ड दिसेल असं बसावं. काही त्रास झालाच तर ११२ नंबर, स्पेनभर एकच, इंग्रजीत बोलता येतं.

टॉवेलवरच बसायचं, हा नियम सगळीकडं. भाड्याची आरामखुर्ची असली तरी आधी टॉवेल, मग आपण. जाड टर्किश टॉवेलाच्या जोडीला आपला पंचा न्या, हलका असतो, वाऱ्यात दहा मिनिटांत वाळतो, किओस्कला जाताना कमरेला गुंडाळता येतो.

बसल्यावर लगेच सगळं काढलं पाहिजे असं नाही. आधी शर्ट काढा, क्रीम लावा, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं समुद्र बघा. आजूबाजूला कुणी मान वर करून बघत नाही हे डोळ्यांनी दिसलं की छातीतली धडधड आपोआप उतरते. मग पोहायला जायच्या वेळी काढायचे. पाण्यात शिरणं हेच पहिल्यांदा सगळ्यात सोपं असतं, आणि चड्डी न चिकटता पोहणं काय असतं ते एकदा अनुभवलं की बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

पुरुषांना एक भीती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही, शरीरानं नको तेव्हा दखल घेतली तर काय. होतं क्वचित. पालथं पडायचं, टॉवेल घ्यायचा किंवा गार पाण्यात जायचं. मिरवायचं नाही, एवढंच.

डोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. गॉगल लावून टक लावली तरी ती कळते. गप्पा मारताना चेहऱ्याकडं बघायचं. आणि आपल्याकडच्या काही टोळ्या पूर्ण कपड्यात, पाच-सहा जण मिळून, हसत-खिदळत त्या भागातनं फक्त बघायला फेऱ्या मारतात, हे फार लाजिरवाणं आहे आणि पुढं येणाऱ्या प्रत्येक भारतीय माणसाकडं त्यामुळं संशयानं बघितलं जातं. असले मित्र बरोबर असतील तर त्यांना मार्केट फिरायला पाठवा.

फोन बॅगेत. सेल्फी नाही, सूर्यास्ताचा फोटो नाही, आईला व्हिडिओ कॉल तर नाहीच नाही. लहान मुलं असलेली कुटुंबं तिथं येतात आणि कॅमेरा वर झाला की लोक उठून जाब विचारतात, पोलिसही येऊ शकतात. घरच्यांशी लाइव्ह लोकेशन शेअर असेल तर ते काय करायचं ते हॉटेलवरच ठरवून टाका.

ऊन आणि समुद्र

आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही, हा गैरसमज सांगलीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला जास्त असतो. जी कातडी जन्मात उन्हात आली नाही ती अर्ध्या तासात भाजते, कुल्ले, मांडीचा आतला भाग, छाती. वर वारं सतत गार लागतं म्हणून भाजतंय ते कळतच नाही, संध्याकाळी खुर्चीवर बसता येत नाही तेव्हा कळतं. एसपीएफ ५० क्रीम हॉटेलवरच, कपडे घालायच्या आधी, सगळीकडं लावायची. बीचवर वाळूच्या हातानं ते नीट होत नाही. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर परत. पहिल्या दिवशी बारा ते चार छत्रीखाली नाहीतर हॉटेलवर. टोपी, माणशी दोन लिटर पाणी.

समुद्र अटलांटिक आहे, तलावासारखा धरू नका. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, पिवळा म्हणजे सांभाळून, हिरवा म्हणजे ठीक. जिथं दोन्ही बीच मिळतात तो कोपरा, पुंता दे मास्पालोमास, तिथं प्रवाह फार ओढतो, कृष्णेत पूल ते पूल पोहणाऱ्यानं सुद्धा तिथं उतरू नये. प्रवाहात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडं झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतनं बाहेर पडायचं आणि मग आत यायचं.

गाडी घेतली तर आणखी बीच

गाडी उजव्या बाजूनं चालते, गियर उजव्या हाताला येतो, आणि गोल चौकात आधी आत असलेल्याचा हक्क पहिला. पहिले दोन तास मोकळ्या रस्त्यावर हात बसवून घ्या. जीसी-१ हा मोठा रस्ता, कमाल १२०, आणि जीसी-५०० हा किनाऱ्याचा जुना रस्ता, लहान बीच सगळे याच्यावर. पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळीवर लावायची नाही. डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. गाडीत पासपोर्ट, बॅग काही दिसेल असं ठेवू नका.

मोंतान्या दे आरेना मेलोनेरासच्या पश्चिमेला, जीसी-५०० वरनं थोडं चालून उतरायचं, शांत, नॅचरिस्ट लोकांचं आवडतं. तिरितान्या मोगानच्या बाजूला, कोरड्या ओढ्यातनं उतरावं लागतं, बूट पाहिजेत. दोन्हीकडं संडास, पाणी, लाइफगार्ड यातलं काही मिळेल असं धरून जाऊ नका, आणि कचरा परत आणायचा.

ग्विग्वी मात्र तयारीचं काम आहे. तासार्तिको गावातनं डोंगर चढून-उतरून एका बाजूला दोन-अडीच तास, सावली नाही, पाणी नाही. सज्जनगड-अजिंक्यताऱ्याला नेहमी जाणाऱ्यांना जमेल, पण पहाटे निघायचं, माणशी चार लिटर पाणी, आणि परतीच्या चढाला ताकद राखून ठेवायची. तिथला शेजारचा छोटा बीच, ग्विग्वी चिको, फक्त ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीच्या वेळा आदल्या रात्री बघा.

खाण्याचं फार अवघड नाही. मिठात उकडलेले छोटे बटाटे मोहो चटणीबरोबर, पापास आरुगादास, हे शाकाहारी माणसाला कुठंही मिळतं, लाल मोहो आपल्या तोंडाला बरा. भाजलेल्या धान्याचं पीठ असतं, गोफिओ, पण ते कधी मासळीच्या रश्श्यात कालवतात, विचारून घ्या.

आवडलं आणि दिवस शिल्लक असतील तर शेजारच्या फुएर्तेवेंतुरा बेटाला जा, लास पाल्मासहून तिथल्या मोरो हाब्लेला फेरीबोट जाते, तिथले बीच अजून लांब आणि रिकामे, वारा मात्र जोरदार. त्याच्या उत्तरेच्या कोरालेहोवरनं अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीबोटीनं लान्सारोते बेट, आणि तिथं चार्को देल पालो नावाचं अख्खं गावच नॅचरिस्ट आहे. तिकडं बस नावालाच, गाडी भाड्यानं घ्यावीच लागते, आणि ती घेताना फेरीबोटीवर चढवायची परवानगी कंपनीकडनं लेखी घ्या, काही कंपन्या गाडी दुसऱ्या बेटावर नेऊ देत नाहीत.